आप्पासाहेब पटवर्धन आणि खेड्यातील शौचकूप

गांधीजींच्या आत्मकथेची भारतीय भाषांत जी भाषांतरे झाली, त्यांपैकी मराठी भाषांतराकडे अभ्यासकांनी द्यावे तितके लक्ष दिलेले नाही. ‘सत्याचे प्रयोग अथवा आत्मकथा’ या मराठी ग्रंथावर अनुवादक म्हणून सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन असे नाव आहे. कोकणात हेच गृहस्थ आप्पासाहेब पटवर्धन या नावाने आणि पुढे कोकणचे गांधी या लोकदत्त पदवीने ओळखले गेले. ग्रंथालयाच्या सूचीत अनुवादक म्हणून नोंदलेले हे नाव आणि ग्रामीण आरोग्याच्या वाङ्मयात ‘गोपुरी संडास’ या रचनेशी जोडले गेलेले नाव एकाच माणसाचे आहे, हे महाराष्ट्राबाहेरील वाचकाला सहसा ठाऊक नसते. या दोन कामांचा परस्परसंबंध ध्यानात घेतल्याशिवाय आप्पासाहेबांचे चरित्र नीट उलगडत नाही, असे मला वाटते. म्हणून येथे त्यांच्या जीवनातील इतर पुष्कळ गोष्टी बाजूला ठेवून या एका धाग्याचाच मागोवा घेतला आहे.

आप्पासाहेबांचा जन्म ४ नोव्हेंबर १८९४ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील आगरगुळे या गावी झाला. घराणे चित्पावन ब्राह्मणांचे. बुद्धी तल्लख, संस्कृताची गोडी, आणि उच्च शिक्षणासाठी पुण्याची वाट. त्या काळच्या कोकणस्थ तरुणाच्या चरित्रात अपेक्षित असते ते सारे येथेही आहे. एम्. ए. झाल्यावर त्यांनी काही काळ महाविद्यालयात अध्यापन केले. ते तसेच चालू राहते तर पुण्याच्या विद्वन्मंडळात त्यांनी मानाचे स्थान मिळवले असते, यात शंका नाही. परंतु गांधीजींच्या सहवासाने त्यांची दिशा पालटली. साबरमतीच्या आश्रमात जाऊन आल्यावर ते पुण्यात न रमता आपल्या जिल्ह्यात परतले व खादी, राष्ट्रीय शिक्षण आणि अस्पृश्यतानिवारण या कामांत गढून गेले. टिळकांच्या जन्मजिल्ह्यात गांधीमार्गाने काम करणे त्या वेळी सोपे नव्हते. सुशिक्षित ब्राह्मणवर्गाचा ओढा निराळ्या राजकारणाकडे होता, आणि १९२४ पासून स्थानबद्ध म्हणून रत्नागिरीत राहिलेले विनायक दामोदर सावरकर तेथेच आपल्या पद्धतीने जातिभेदाविरुद्ध चळवळ चालवीत होते. एका लहानशा जिल्ह्यात एकाच वेळी अस्पृश्यतेविरुद्ध दोन इतक्या भिन्न वृत्तींची माणसे उभी होती, हा योग स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

आता भाषांतराकडे वळू. गांधीजींची आत्मकथा ‘नवजीवन’ साप्ताहिकात १९२५ पासून १९२९ पर्यंत क्रमशः गुजरातीत प्रसिद्ध होत होती. गुजराती आणि मराठी या भगिनीभाषा असल्या तरी भाषांतरकाराला ही जवळीक फसवी ठरते. शब्द सारखा दिसतो आणि त्याचे वजन मात्र निराळे निघते. आप्पासाहेबांनी मूळ कथनाचा साधेपणा मराठीत राखला. संस्कृतात मुरलेला मनुष्य एवढे अनलंकृत मराठी लिहितो, यात मला त्यांच्या स्वभावाची खूण दिसते.

पण माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट ही, की या ग्रंथात मलमूत्राचा विषय पुनःपुन्हा येतो आणि भारतीय आत्मचरित्रांत त्यापूर्वी तो असा आलेला नव्हता. १८९६ साली मुंबईत प्लेग उद्भवला तेव्हा राजकोटमध्ये स्वच्छता समिती नेमण्यात आली. त्या समितीबरोबर गांधीजी घरोघरचे शौचकूप पाहत हिंडले. श्रीमंतांच्या घरी त्यांना अंधार, दुर्गंधी आणि उद्धट नकार आढळला, आणि अस्पृश्यांच्या वस्तीत सारवलेली अंगणे. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये प्रतिनिधींनी केलेली घाण पाहून त्यांनी स्वतः झाडू हाती घेतला. दरबानच्या घरात एका पंचम ख्रिस्ती कारकुनाचे भांडे उचलण्यावरून कस्तुरबांशी झालेल्या संघर्षाचा प्रसंग तर जगभरच्या वाचकांना परिचित आहे. चंपारणातील खेड्यांचा अनुभव पुढे येतो. हे सारे प्रसंग मराठीत उतरवणाऱ्या माणसाला प्रत्येक ठिकाणी एक अगदी साधा प्रश्न पडला असणार: या वस्तूंना आणि या क्रियांना मराठीत शिष्ट शब्द कोणता?

हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही. शौच या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ शुद्धी. ज्या क्रियेला आपण अशुद्ध मानतो तिलाच शुद्धीचे नाव देऊन आपण मोकळे झालो. घराच्या मागील आवाराला परस म्हणतात, म्हणून परसाकडे जाणे. झुडपांच्या आडोशाला जावे लागे, म्हणून झाड्याला जाणे. बहिर्दिशा हा शब्द तर एखाद्या काव्यात शोभावा असा आहे. गुजरातीतील जाजरू हा शब्द फारसीतून आलेला आहे. त्याच्या मुळाशी गरजेची जागा असा अर्थ आहे. संडास, शेतखाना, पायखाना हे शब्द नगरांचे, वाड्यांचे, जेथे हे काम चार भिंतींआड होई आणि दुसऱ्या कोणीतरी ते उचलून न्यावे लागे. खेड्यात इमारत नव्हती म्हणून इमारतीला शब्दही नव्हता, जागेला होता. गोदरी आणि हागणदारी हे ते शब्द होत. शासकीय मराठीने पुढे हागणदारीमुक्त असा समास बनवून त्यातील दुसरा ग्राम्य शब्द फलकांवर चढवला. आप्पासाहेबांच्या पिढीला असे काही होईल, हे स्वप्नातही वाटले नसते. या सर्व शब्दसंपत्तीत एक शब्द मात्र उजळ आहे, तो म्हणजे सोनखत. मैल्यापासून होणाऱ्या खताला शेतकऱ्याने दिलेले हे नाव आहे, आणि आप्पासाहेबांच्या उत्तरायुष्याचा सारा अर्थ या एका शब्दाभोवती फिरतो.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात शिरोडे हे कोकणातील प्रमुख केंद्र होते व त्याच्या संघटकांत आप्पासाहेब होते. १९३२ साली कायदेभंगाची चळवळ पुन्हा सुरू झाली आणि ते रत्नागिरीच्या तुरुंगात आले. येथे घडलेली घटना त्यांच्या चरित्राचा कणा आहे, म्हणून ती जरा तपशिलाने सांगणे अवश्य आहे.

ब्रिटिश अमदानीतील तुरुंगात कामाची वाटणी जातीवर होती. मैला उचलण्याचे काम त्या जातीचे म्हणून मानल्या गेलेल्या कैद्यांनाच मिळे. सवर्ण कैद्याला ते देऊ नये, असा नियम होता. सरकारच्या बाजूने त्याचे समर्थनही तयार होते: हिंदूंच्या धार्मिक भावनांत हस्तक्षेप नको. आप्पासाहेबांनी हे काम आपल्याला द्यावे, अशी मागणी केली. ती नाकारण्यात आली. तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा मार्ग पत्करला. वरवर पाहता ही एका कैद्याची विचित्र हट्टाची मागणी होती. कैदी काम टाळण्यासाठी उपवास करतात, हा मनुष्य काम मिळावे म्हणून, आणि तेही सर्वांत हीन मानलेले काम, उपवास करीत होता.

ही वार्ता येरवड्याला गांधीजींच्या कानी गेली. पुणे करार सप्टेंबर १९३२ मध्ये झाला होता. त्यानंतर तुरुंगातून अस्पृश्यतानिवारणाचे काम करण्याची सवलत गांधीजींना मिळाली होती. एका सहकाऱ्याला हेच काम प्रत्यक्ष हाताने करण्याची बंदी असताना आपण पत्रे लिहीत बसावे, हे त्यांना मानवले नाही. डिसेंबर १९३२ च्या आरंभी त्यांनीही सहानुभूतीचा उपवास सुरू केला. सरकारने या प्रकरणाचा त्वरित विचार करण्याचे मान्य केल्यावर तो थोड्याच अवधीत सुटला, आणि जो सवर्ण कैदी स्वेच्छेने हे काम मागेल त्याला ते देण्याचा मार्ग मोकळा झाला. गांधीजींच्या उपवासांच्या मालिकेत सप्टेंबर १९३२ आणि मे १९३३ या दोन मोठ्या उपवासांच्या मध्ये हा छोटा उपवास झाकला जातो. इतिहासकार त्याला एखादी ओळ देतात. तुरुंगाचा हा नियम बदलला तेव्हा जात आणि मैला यांचे नाते राज्यकर्त्यांच्या कागदावर तरी प्रथमच सैल झाले, हे त्या ओळीत मावत नाही.

येथे एक आक्षेप उपस्थित होतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सवर्णाने स्वेच्छेने मैला उचलला, तर ज्यांना तो जन्माने उचलावा लागतो त्यांची सुटका कशी होते? डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नावर अत्यंत कठोर टीका केली होती. या कामाचे गौरवीकरण म्हणजे ज्यांच्या गळ्यात ते बांधले आहे त्यांना तेथेच ठेवण्याची युक्ती आहे, असा त्यांच्या १९४५ च्या काँग्रेसविषयक ग्रंथातील टीकेचा रोख होता. ही टीका वाचल्यावर आश्रमीय सफाईकामाकडे पूर्वीच्याच भाबडेपणाने पाहता येत नाही. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत महारांनी मृत जनावरे ओढण्याचे काम सोडावे, असे सांगण्यात आले, आणि महाडही कोकणातलेच. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले त्यांनी ते टाकून द्यावे, हा त्या चळवळीचा निर्णय होता, आणि तो योग्य होता. मग मेलेले ढोर गावात कुजणार; ते कोणी ओढायचे? आप्पासाहेबांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच्या हातांनी दिले. त्यांनी जनावरे ओढली, कातडी सोलली, चर्मालयाचे काम उभारले. संस्कृतज्ञ चित्पावनाने हातात सुरी घेऊन मढे सोलावे, याचा त्या काळच्या कोकणात केवढा गहजब झाला असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. महाडचा आदेश आणि आप्पासाहेबांची सुरी परस्परांना छेद देत नाहीत, पूरक ठरतात. पहिल्याने काम नाकारले म्हणून दुसऱ्याने ते उचलणे भाग होते.

तरीही मैल्याच्या बाबतीत एवढ्याने भागत नव्हते. जनावर कधीतरी मरते. माणसाची गरज रोजची. एक आप्पासाहेब किती पाट्या उचलणार? माझ्या मते त्यांच्या विचाराला खरे वळण येथे मिळाले. प्रारंभी त्यांना हे काम प्रायश्चित्त वाटत होते. हळूहळू त्यांच्या लक्षात आले, की प्रायश्चित्ताने करणाऱ्याचे मन शुद्ध होते, पण टोपली राहतेच. आणि टोपली आहे तोवर ती डोक्यावर घेणारे डोके समाज शोधणारच. शहरातील टोपलीचे संडास पाहिलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको: घरामागून जाणारी अरुंद बोळकांडी, भिंतीच्या पायथ्याशी ठेवलेले झाकण, आतील टोपली किंवा डबा, आणि पहाटे खराटा व पत्रा घेऊन येणारी बाई. पावसाळ्यात ती टोपली डोक्यावरून झिरपे. भंगीमुक्ती हा शब्द पुढे सर्वोदयी कार्यकर्त्यांत रूढ झाला. ज्या जातिनामाचा त्यात उपयोग केला आहे ते आज अवमानकारक मानले जाते व ते योग्यच आहे. आप्पासाहेबांनी त्या मुक्तीचा अर्थ असा केला, की ज्यातून मैला कोणालाही ताजा उचलावा लागणार नाही असा संडास हवा.

त्यांच्याच काळात महाराष्ट्रात याच कामाकडे निरनिराळ्या वाटांनी आलेली आणखी काही माणसे होती. गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) खराट्याला कीर्तनाची जोड दिली. सेनापती बापटांनी हाती झाडू घेतला. विनोबा १९४६ च्या सुमारास पवनारहून खांद्यावर फावडे टाकून जवळच्या सुरगावला रोज जात व रस्त्यावरचा मैला उचलून मातीआड करीत. खंड पडू न देता हे त्यांनी महिनोन्‌महिने केले. या सर्वांनी लोकांच्या मनावर काम केले. आप्पासाहेबांनी मनाबरोबर खड्ड्याचाही विचार केला, आणि म्हणूनच संतचरित्राच्या चौकटीत ते नीट बसत नाहीत. त्यांच्या वाट्याला आख्यायिका कमी आल्या याचे हे एक कारण असावे.

गांधीजींच्या हत्येनंतर काही महिन्यांतच, १९४८ साली, कणकवलीनजीक वागदे येथे गड नदीच्या परिसरात आप्पासाहेबांनी गोपुरी आश्रम स्थापला. (वर्ध्याला जमनालाल बजाज यांनी आपल्या अखेरच्या दिवसांत गोसेवेसाठी वसविलेली गोपुरी निराळी, दोन्हींची गल्लत झालेली आढळते.) शेती, चर्मोद्योग, खत आणि सफाई अशी कामे येथे चालत. गोपुरी संडास ही रचना येथील प्रयोगांतून निघाली.

कोकणचा भूगोल ध्यानात घेतल्याखेरीज या रचनेचे मर्म कळत नाही. दक्षिण कोकणात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो व तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. जमीन जांभ्याची. सड्यावर कातळ इतका वर येतो की खड्डा खणायला पहार चालत नाही. खालच्या भागात जुलैमध्ये दोन-तीन हातांवर पाणी लागते. अशा ठिकाणी घरामागे खोल खड्डा खणून त्यावर बैठक ठेवली, तर पावसाळ्यात खड्डा पाण्याने भरतो, मैला तरंगतो, आणि सच्छिद्र जांभ्यातून झिरपत तो शेजारच्या विहिरीचा रस्ता धरतो. कॉलरा, विषमज्वर आणि हगवण यांचा हा राजमार्ग होय. उघड्यावर बसण्याने दुसरे संकट येते. अंकुशकृमीची अंडी मैल्याबरोबर जमिनीवर पडतात, ओलसर सावलीच्या मातीत त्यांतून अळ्या निघतात आणि अनवाणी पायाच्या कातडीतून शरीरात शिरतात. माडा-पोफळींच्या वाडीतील दमट सावली या अळ्यांना मानवते. ज्या माणसाला आपण सुस्त, पांढुरका, कामचुकार म्हणतो त्याचे रक्त आतड्यातील कृमी पीत असतात. शेजारच्या गोमंतकात खेड्यांतून डुकरांचे संडास रूढ होते. मैल्याची विल्हेवाट तेथे तत्काळ लागे, परंतु त्यात आरोग्याचा लाभ किती, हा प्रश्नच आहे.

शहरी धुवट संडास खेड्यात नेणे हा उपाय त्या काळी अशक्य होता. नळ नाही, गटार नाही, आणि एका मनुष्याच्या अर्ध्या शेर मैल्यासाठी बादलीभर पाणी ओतायचे तर उन्हाळ्यात ते कोठून आणायचे? पावसाळ्यात एवढे पाणी पडूनही एप्रिल-मेमध्ये कोकणातील बायका हंडे घेऊन दूरच्या व्हाळावर जात असत. शिवाय शेतकऱ्याच्या दृष्टीने ते खत वाहून घालवणे होते. येथे शेतीचा एक मुद्दा येतो. जांभ्याची माती पावसाने धुऊन गेलेली, निःसत्त्व. भाताचे रोप लावण्यापूर्वी कोकणातला शेतकरी तरव्यावर झाडांच्या डहाळ्या, शेण आणि पालापाचोळा पसरून जाळतो. याला राब म्हणतात. म्हणजे जंगल तोडून आणि शेण जाळून चार बोटे जमीन तयार करायची, आणि त्याच शेताच्या बांधावर रोज पडणारे खत उन्हात वाळू द्यायचे, माश्यांना खाऊ द्यायचे, पहिल्या पावसात ओढ्याला मिळू द्यायचे. आप्पासाहेबांना या उधळपट्टीची जवळजवळ शारीरिक चीड होती असे त्यांच्या कामावरून वाटते.

गोपुरी संडासाचे तत्त्व कोणाही गवंड्याला समजावे इतके सोपे आहे. खड्डा खाली न खणता जमिनीच्या वर दोन कप्पे बांधायचे. एक वापरात, दुसरा बंद. मूत्र शक्य तेवढे वेगळे काढायचे, कारण ओल वाढली की कुजण्याची क्रिया सडण्यात पालटते व दुर्गंधी सुटते. प्रत्येक वेळी पाण्याऐवजी वरून कोरडी माती, राख किंवा पातेरा टाकायचा. झाडाखाली पडलेल्या वाळक्या पानांना कोकणात पातेरा म्हणतात. त्याची तेथे वाण नाही. या पानांतील कर्ब आणि मैल्यातील नत्र यांचा मेळ बसला, हवा खेळती राहिली, की जंतूंची भट्टी पेटते व ढीग तापतो. या उष्णतेने आणि पुढील कित्येक महिन्यांच्या विश्रांतीने रोगजंतू मरतात; सर्वांत चिवट असतात ती जंताची अंडी, आणि त्यांच्यासाठीच काळाची घाई करता येत नाही. पहिला कप्पा भरला की तो बंद करून दुसरा उघडायचा. दुसरा भरेपर्यंत पहिल्यात काळसर, भुसभुशीत, वास नसलेले सोनखत तयार होते, आणि ते काढणारा हात सफाईकामगाराचा असण्याची गरज उरत नाही; तो घरच्या शेतकऱ्याचा असतो, कारण त्याला ते हवे असते.

माझ्या मते या रचनेतील सामाजिक चातुर्य या शेवटच्या गोष्टीत आहे. ताजा मैला आणि खत यांच्यामध्ये काळाची एक भिंत उभी केली, की विटाळाची कल्पना आपोआप ढिली पडते. जो ब्राह्मण किंवा मराठा शेतकरी मैल्याला हात लावणार नाही, तोच सहा-आठ महिन्यांनी हे खत पाटीत भरून भोपळ्याच्या आळ्यात घालतो. उपदेशाने जे साधले नसते ते जंतूंनी साधले. अर्थात हे सारे माती टाकण्याच्या शिस्तीवर अवलंबून होते. घरातील एकाने आळस केला की माश्या जमल्या, वास सुटला, आणि मग शेजारी म्हणणार की यापेक्षा रान बरे. प्रचारकांनी सांगितले आणि लोकांनी ऐकले, असे येथे घडले नाही. मूत्र वेगळे काढायचे तर बसण्याची पद्धत शिकवावी लागते. भारतीय माणूस पाण्याने स्वच्छता करतो, आणि ते पाणी कप्प्यात पडू न देणे ही रोजची कटकट. कोरड्या संडासाची ही अडचण आप्पासाहेबांच्या रचनेने पूर्णपणे सोडवली असे म्हणता येणार नाही.

१९५० नंतरच्या दशकात लखनऊच्या नियोजन संशोधन व कृती संस्थेने पाण्याच्या सापळ्याचा, थोड्या पाण्यात चालणारा संडास सिद्ध केला. पुढे १९७० पासून बिहारात सुलभ संस्थेने दोन खड्ड्यांचा संडास लोकप्रिय केला, आणि केंद्र सरकारच्या १९८६ च्या ग्रामीण स्वच्छता कार्यक्रमापासून २०१४ च्या स्वच्छ भारत मोहिमेपर्यंत त्याच जातीच्या रचनेचा पुरस्कार झाला. दोन खड्डे आळीपाळीने वापरून एकाला विश्रांती द्यावी, हे सूत्र त्यांत आहेच. पाणी आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे, एवढ्यापुरता मतभेद. कोकणासारख्या उथळ भूजलाच्या प्रदेशात मात्र तो मतभेद विहिरीच्या पाण्यापर्यंत पोचतो. कायद्याने मैला वाहून नेण्यास बंदी येण्यास १९९३ साल उजाडावे लागले, आणि तो कायदा अपुरा ठरल्याने २०१३ मध्ये दुसरा करावा लागला.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला येथे मुल्कराज आनंद यांच्या १९३५ च्या ‘अनटचेबल’ या कादंबरीचे स्मरण होईल. सफाईकामगार बखाच्या एका दिवसाच्या अखेरीस त्याच्यापुढे तीन मार्ग येतात: धर्मांतर, गांधी, आणि मैला माणसाच्या हातावाचून वाहून नेणारे यंत्र. यंत्राचे भविष्य एका कवीच्या तोंडी आहे. तकषी शिवशंकर पिळ्ळै यांच्या १९४७ च्या मलयाळम कादंबरीत तर सफाईकामगारांच्या पिढ्यांचीच कथा आहे. आनंदांच्या कादंबरीत गांधी आणि यंत्र ही दोन टोके आहेत. आप्पासाहेबांचे दोन कप्पे या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी बसतात: विचार आश्रमाचा, पण उत्तर विटा, माती आणि जंतू यांचे. कादंबरीकारांना अशा अधल्यामधल्या उत्तराचे आकर्षण वाटत नाही, हेही समजण्यासारखे आहे.

उत्तरायुष्यात आप्पासाहेबांनी ‘माझी जीवनयात्रा’ हे आत्मचरित्र लिहिले. गांधीजींच्या आत्मकथेच्या अनुवादकाने स्वतःची आत्मकथा लिहावी, यात भाषांतराच्या अभ्यासकाला चांगले द्रव्य आहे: मूळ ग्रंथाचा साचा शिष्याच्या लेखनात कोठे टिकतो आणि कोठे मोडतो, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येईल. मराठी आत्मचरित्रांच्या इतिहासात या ग्रंथाची चर्चा व्हावी तितकी झालेली नाही. विषय अवघड आणि लेखक साहित्यिक म्हणवून न घेणारा. दोन्ही कारणे असू शकतील.

१० मार्च १९७१ रोजी आप्पासाहेबांचे देहावसान झाले. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीचा दक्षिण भाग वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला व कणकवली त्यात गेली. २०१६ साली केंद्र सरकारच्या ग्रामीण स्वच्छतेच्या पाहणीत मैदानी जिल्ह्यांच्या गटात सिंधुदुर्गाला पहिला क्रमांक मिळाला. ज्या जिल्ह्यात घरापासून विहिरीपर्यंत जायचे तर घाटी उतरावी लागते त्याला मैदानी का म्हणावे, हे पाहणी करणाऱ्यांनाच ठाऊक. या यशाचे श्रेय सरळ गोपुरीला देणे इतिहासाला धरून होणार नाही. मधल्या पंचेचाळीस वर्षांत मुंबईच्या मनिऑर्डरी, साक्षरता, ग्रामपंचायती आणि शासकीय अनुदान यांनी पुष्कळ काही घडवले. पण आप्पासाहेबांवर काम करू इच्छिणाऱ्याने सीताराम पुरुषोत्तम आणि आप्पासाहेब ही दोन्ही नावे सूचीत पाहावीत, आणि एक शोध वाङ्मयाच्या कपाटात तर दुसरा कृषी व आरोग्याच्या कपाटात घ्यावा.